गावाची शीव सांगणाऱ्यांचा इतिहास कोण सांगणार?

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, इतिहास विसरू नका. वक्ता टाळ्या घेतो, मिरवणूक निघते, डीजे वाजतो आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. पण इतिहास विसरू नका म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा, नागपूरची धम्मदीक्षा हा आपला इतिहास आहेच आणि तो आपल्या लेकरांनाही पाठ आहे. परंतु भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या शेलारमधल्या एखाद्या तरुणाला विचारा, बाबा रे, तुझा पणजोबा कोणत्या विहिरीचे पाणी प्यायला? वतनाची जमीन कोणत्या सर्व्हे नंबरात होती आणि आज ती कोणाच्या नावावर आहे? १९५६ नंतर आपल्या वस्तीत त्रिशरण-पंचशील पहिल्यांदा कोणी म्हटले? वस्तीतली पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली? उत्तर मिळणे कठीण. हा दोष त्या तरुणाचा नाही. त्याला हे सांगणारे पुस्तक नाही, फलक नाही, संस्था नाही. आणि हे शेलारपुरतेच आहे असेही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांतल्या आपल्या वस्त्यांची अवस्था हीच आहे.

यात वेळ थोडा उरला आहे, हे समाजबांधवांनी ध्यानात घेतले पाहिजे. १९५६ साली जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. धम्मदीक्षेनंतर घरातले देव्हारे उचलताना ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मेलेली ढोरे ओढायला नकार दिल्यावर गावाने केलेला बहिष्कार ज्यांनी सोसला, ती माणसे एकेक करून जात आहेत. दुसरीकडे भिवंडी तालुक्याची जमीन ओळखू येईनाशी झाली आहे. लूमचे कारखाने, डाईंगचे कारखाने आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिलेली गोदामे यांच्या भरावाखाली बांध गेले, पाणवठे गेले, पायवाटा गेल्या. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल साठवण्याच्या सोयीतून इथे गोदामे वाढली. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच आहेत. ज्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता ती विहीरच बुजली, तर उद्या तो मज्जाव होता हेही नाकारले जाईल.

इंग्लंडमधल्या खेड्यांनी काय केले?

ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रंथालयांत बसून याच राज्यकर्त्यांचे कागद वाचले आणि त्यांच्याच चलनविषयक धोरणाची चिरफाड केली. तेव्हा शिकण्यासारखे असेल ते शिकावे.

इंग्लंडमध्ये गावोगावी स्थानिक इतिहास मंडळे आहेत. हजार-दोन हजार वस्तीचे खेडे, त्यात वीस-तीस सभासद. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी पोस्टातला कर्मचारी, कोणी शेतकरी, कोणी गृहिणी. थोडी वर्गणी काढतात, गावच्या सभागृहात महिन्यातून एकदा बसतात. कबरस्तानातल्या झिजलेल्या दगडांवरची नावे उतरवून घेतात. जुने फोटो गोळा करून मागे नावे लिहितात. म्हाताऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात. दोन-चार वर्षांनी एक छोटी पुस्तिका काढतात. एवढेच काम. त्यात पदवीची अट नाही.

या कामाला तिथे मोठा आधार आहे. १५३८ पासून तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम झाला. १८३६ च्या कायद्यानंतर गावोगावचे शेताशेताचे नकाशे तयार झाले. १८९९ साली प्रत्येक परगण्याचा इतिहास लिहिण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला, तो अजून चालू आहे. १९४८ साली लेस्टरच्या विद्यापीठीय महाविद्यालयात स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. तिथल्या डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली लिहिलेल्या पुस्तकाने लोकांना कुंपण, पायवाट आणि ओढा यांतूनही इतिहास वाचायला शिकवले. १९८२ साली अशा मंडळांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली.

पण हे सगळे पाहून भारावून जाण्याचे कारण नाही. वारसा म्हटला की तिथेही आधी जमीनदाराचा वाडा, चर्च आणि गवताने शाकारलेले टुमदार घर पुढे यायचे. ते गवत कोणी कापले, वाड्यात भांडी कोणी घासली, हे पुढे येत नसे. ते आणण्यासाठी तिथल्या कष्टकऱ्यांना भांडावे लागले. टॉलपडल नावाचे डॉर्सेटमधले एक लहान खेडे आहे. १८३४ साली तिथल्या सहा शेतमजुरांनी मजुरी कमी होते म्हणून संघटना केली. शपथ घेतल्याचा गुन्हा लावून त्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले. देशभर आंदोलन झाले आणि १८३६ साली त्यांना माफी द्यावी लागली. आज त्या खेड्यात त्या मजुरांचे संग्रहालय आहे आणि दर जुलैमध्ये कामगार संघटना झेंडे घेऊन तिथे जमतात. अगदी अलीकडे, २०२० साली, तिथल्या वारसा जपणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेने, नॅशनल ट्रस्टने, आपल्याकडच्या ९३ वास्तूंचा गुलामगिरीशी आणि वसाहतींच्या लुटीशी काय संबंध होता याचा अहवाल काढला. त्यावर केवढा गदारोळ झाला! म्हणजे वारसा कोणाचा, हा प्रश्न तिथेही मिटलेला नाही. फरक इतकाच की तिथे भांडण्यासाठी कागद शिल्लक आहे.

साक्ष आमची, नाव त्यांचे

महाराष्ट्रात इतिहास मंडळांची परंपरा नाही असे नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघाले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली. ते श्रम मोठे होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण दप्तर होते कोणाकडे? देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्याकडे. ज्याच्या घरी कागद त्याच्या घरचा इतिहास लिहिला गेला. ज्यांना अक्षरबंदी होती त्यांच्या घरी कागद येणार कुठून? १९१५ साली त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' लिहिला. त्यात महार आहे, पण तो गावगाड्याचा एक भाग म्हणून, वरून पाहिलेला.

आता यातली विसंगती पाहा. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की साक्ष कोणाची चालत असे? महाराची. गावाची शीव कुठून जाते, कोणता दगड कोणी हलवला, कोणता ओढा कोणत्या पावसात फिरला हे त्याला ठाऊक असे आणि त्याने शिवेवरून चालून दाखवली ती हद्द. म्हणजे ज्याला पाणवठ्यावर उभे राहण्याचा अधिकार नव्हता तोच गावाची चालती-बोलती नोंदवही होता. गावाचा नकाशा त्याच्या पायांत होता. त्या गावाच्या इतिहासात आज त्याचे नाव नाही.

दुसरे उदाहरण घ्या. इंग्लंडच्या जवळपास प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांचे स्मारक आहे आणि त्यावर एकेकाचे नाव कोरलेले आहे. आपल्याकडेही काही गावांत त्याच युद्धाच्या दगडी पाट्या आहेत. त्यावर या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच आकडा असतो. नावे नाहीत. १९१७ साली महारांची स्वतंत्र पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली. त्या पलटणीत कोणत्या गावचा कोण होता, हे आज त्याच्या पणतवंडालाही माहीत नाही.

आपल्या माणसांनी मात्र हे काम केले नाही असे कोणी म्हणू नये. चांगदेव खैरमोडे यांनी आयुष्य खर्ची घालून बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड लिहिले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या तोंडून ऐकले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. वसंत मून यांनी १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित केले आणि १९९५ साली 'वस्ती' या आत्मकथनात नागपूरची आपली वस्ती उभी केली. त्या वस्तीतले पैलवान, कार्यकर्ते, गाणी, भांडणे सगळे त्यात आहे. कोणत्याही मंडळाच्या पाठबळाशिवाय एका माणसाने केलेला हा वस्तीचा इतिहास आहे. असे एकेक पुस्तक प्रत्येक गावाला हवे. ते एकट्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही.

कागद हा हक्काचा पाया आहे

हा भावनेचा किंवा हौसेचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांना वकील म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वतनाची. महार वतनाने आपल्या माणसांना गावाचे वेठबिगार केले, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते पार पडू शकले नाही. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने वतने गेली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि रक्कम भरून त्याच वतनदारांना फेरप्रदान करण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. पण रक्कम भरायची आहे हेच अनेकांना कळले नाही, कुठे पाच रुपयांच्या उसनवारीवर अंगठा घेतला गेला, कुठे कब्जा दुसऱ्याचा राहिला. आज त्या जमिनीचा हक्क सिद्ध करायचा तर जुना फेरफार, आकारफोड, कडईपत्रक, फेरप्रदानाचा आदेश लागतो. तो घरात नसतो आणि कार्यालयातला कागद वाळवीने खाल्लेला असतो.

इंग्लंडने काय केले? तिथेही जमीनदाराच्या दप्तरातल्या नोंदीवर कुळाचा हक्क टिकून असण्याची सरंजामी पद्धत होती. १९२२ च्या कायद्याने ती रद्द ठरवली आणि १ जानेवारी १९२६ पासून ती संपली. पण पद्धत संपली तरी दप्तर मोलाचे आहे, हक्काचे वाद पुढेही होतील, हे ओळखून १९२४ च्या दुरुस्तीने ती सारी दप्तरे एका उच्च न्यायिक अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणली आणि कोणते दप्तर कोणाकडे आहे याची नोंदवही सुरू केली. वतन रद्द करताना वतनाचा कागद कसा जपायचा हेही कायद्यात लिहिता येते, ते असे.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण पुरावा जुन्या नोंदीचाच लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, महसुली कागद. आमच्याकडे येणारे किती पक्षकार नेमके इथेच अडतात! मुलीचा मेडिकलचा प्रवेश तोंडावर आलेला असतो आणि बाप आजोबांच्या शाळेचा पत्ता शोधत हिंडत असतो. गावच्या मंडळाने शाळेच्या जुन्या रजिस्टरातली आपल्या मुलांची यादी एकदा काढून ठेवली, तर कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर नोंद आहे हे दोन मिनिटांत सांगता येईल.

तिसरी गोष्ट पुराव्याची. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही-अक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये हे होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. इथे योग्य ताबा हा शब्द महत्त्वाचा. ट्रंकेत, गोधडीच्या घडीत कसाबसा टिकलेला आजीचा कागद म्हणूनच फेकू नका. आणि माहिती अधिकाराच्या कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मागताना बहुतेक अपवाद गळून पडतात, हेही लक्षात असू द्या.

चौथी गोष्ट नावाची. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे गेली पाहिजेत आणि समतानगर, भीमनगर ही आली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण जुने नाव फलकावरून पुसताना ते नोंदीतूनही पुसले, तर पन्नास वर्षांनी कोणी सांगेल की या गावात अस्पृश्यता नव्हतीच. जुने नाव, नवे नाव, ठरावाची तारीख आणि ठराव मांडणाऱ्याचे नाव मंडळाच्या वहीत आलेच पाहिजे.

आपल्या दाराशी काय आहे?

ठाणे आणि पालघर जिल्ह्यांची ही भूमी धम्माच्या दृष्टीने सामान्य नाही. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उघडला. त्याच साली तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा उजेडात आला आणि दुसरा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या उपासकांची नावे कोरलेली आहेत. भिवंडी तालुक्यातच लोनाड येथे बौद्ध लेणे आहे, जे आज खांडेश्वरीच्या नावाने ओळखले जाते. आपल्या भिवंडीतल्या किती शाळांची सहल तिथे जाते? तिथे धम्माचा संबंध सांगणारा किती मजकूर लिहिला आहे? १९२७ साली बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले होते. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते, बाबासाहेब पाठीशी होते आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आगरी आणि महार शेतकरी एका झेंड्याखाली लढले, हा इतिहास आज आगरी गावांतल्या पोरांनाही सांगण्याची गरज आहे. गावात तेढ लावणाऱ्यांना त्याहून चांगले उत्तर नाही.

वारसा जपला नाही तर काय होते, हे आपण पाहिले आहे. दादरच्या आंबेडकर भवनावर आणि तिथल्या बुद्धभूषण प्रेसवर २५ जून २०१६ च्या पहाटे बुलडोझर चालला. चळवळीची वृत्तपत्रे जिथे छापली गेली ती जागा काही तासांत मातीत गेली. मोर्चे निघाले, समाज पेटून उठला, पण पडलेली भिंत उभी राहिली नाही. २०२१ साली बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मुंबईत आणि एवढ्या डोळ्यांदेखत हे होते, तर गावातल्या एका वहीची काय कथा!

सात माणसे पुरेत

मग करायचे काय? संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात तिची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. शेलार आणि आसपासच्या गावांचे मिळून एक इतिहास मंडळ करावे. सातांत निदान तीन स्त्रिया असाव्यात, कारण पाणी त्यांनी भरले आणि पाण्याचा इतिहास त्यांना ठाऊक आहे. पक्ष आणि गट दाराबाहेर ठेवावेत. रिपब्लिकन पक्षाचे जितके तुकडे झाले तितकी इतिहास मंडळे निघाली, तर कामाची माती होईल.

पहिल्या वर्षात चार कामे करावीत. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचे बोलणे मोबाईलवर मुद्रित करावे. आरंभी तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात घ्यावी. घरोघरचे फोटो आणि कागद यांच्या प्रती काढाव्यात. मूळ कागद मात्र ज्याचा त्याच्या घरीच राहू द्यावा, नाहीतर उद्या मंडळच दप्तरदार बनून बसेल. गावचा जुना नकाशा मिळवून त्यावर पाणवठे, मसणवटा, वतनाच्या जमिनी, पूर्वीची वस्ती यांच्या खुणा कराव्यात. आणि १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, नामांतराच्या लढ्यात गावातून कोण तुरुंगात गेले त्यांची यादी करावी.

लिहिताना फक्त गौरवाचे लिहू नये. पडाचे मांस खाल्ले तेही लिहावे, शिळ्या भाकरीसाठी दारोदार फिरलो तेही लिहावे, आपल्यातल्याच कोणी गावाच्या बाजूने साक्ष दिली असेल तर तेही लिहावे. शेजारच्या पाड्यावरचा आदिवासी, लूमवर रात्रपाळी करणारा मुसलमान विणकर, उत्तरेतून आलेला कामगार यांचाही इतिहास या गावाचाच आहे. आपण दुसऱ्याला वगळले, तर आपल्याला वगळणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? संविधानाच्या कलम ५१-क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. संमिश्र हा शब्द तिथे विनाकारण आलेला नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गावोगावचे हजारो लोक गेले होते. २०२७ हे त्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्या हजारोंपैकी फार थोड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. बाकीचे आपापल्या गावी परतले, मार खाल्ला, बहिष्कार सोसला आणि निनावी मेले. शताब्दीला मोठी सभा होईलच, होऊ द्या. पण प्रत्येक गावाने आपल्या गावातून चळवळीत गेलेल्या माणसांच्या नावांची एक वही त्या निमित्ताने तयार केली, तर त्या सत्याग्रहींचे थोडे तरी ऋण फिटेल. वही चाळीस रुपयांना मिळते. भिवंडी तालुक्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या रविवारी विहारात बसावे आणि तिचे पहिले पान सर्वांत वयस्कर आजीला विचारून लिहावे.